हतनूरचे चक्रवाक, सारंगखेड्याचे घोडे आणि चाळीस हजारांची लेन्स

वाचकाचे पत्र : मी रावेर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. माझ्याकडे निकॉन डी५६०० कॅमेरा आणि त्यासोबत मिळालेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स आहे. शाळेच्या क्रीडास्पर्धा आणि स्नेहसंमेलन, सारंगखेड्याची यात्रा आणि हिवाळ्यात हतनूर धरणावर येणारे पक्षी हे माझे आवडीचे विषय. पण पक्षी फोटोत ठिपक्याएवढे येतात. चाळीस हजारांपर्यंत एखादी टेलिफोटो झूम घ्यावी असा विचार आहे. भाचा म्हणतो, ‘मामा, घ्यायची तर १५०-६००च घ्या, नाहीतर पैसे वाया घालवू नका.’ भुसावळच्या दुकानदाराने ७०-३०० दाखवली, पण ती व्हीआर (हाताची थरथर भरून काढणारी यंत्रणा) नसलेली आहे. ‘ट्रायपॉड लावला की व्हीआरचे काही काम नसते,’ असे त्याचे म्हणणे. एका मित्राने डबलर (लेन्सची पोच दुप्पट करणारे जोडभिंग) लावून काम भागवण्याचा सल्ला दिला. शिवाय आमच्याकडची धूळ आणि पावसाळ्यातली बुरशी यांची धास्ती वाटते ती वेगळीच. काय करावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार. निर्णय आधी सांगतो आणि कारणे मागाहून देतो. तुमच्या कॅमेऱ्यासाठी निकॉनची एएफ-पी डीएक्स ७०-३०० एफ ४.५-६.३ (एफचा आकडा जितका मोठा, तितका आत येणारा प्रकाश कमी) ही लेन्स घ्या, मात्र जिच्या नावाच्या शेवटी ‘व्हीआर’ ही दोन अक्षरे आहेत तीच घ्या. ती तुमच्या अंदाजपत्रकात आरामात बसते, आणि उरलेल्या पैशांचे काय करावे तेही पुढे सांगणार आहे. भाच्याचे म्हणणे पक्ष्यांपुरते खोटे नाही; पण तुमच्या पत्रात पक्षी शेवटी आले आहेत आणि शाळा व यात्रा आधी, ही गोष्ट त्याच्या नजरेतून सुटलेली दिसते.

लेन्सवरचे आकडे वाचून प्रत्यक्षात काय दिसेल याचा अंदाज बहुतेकांना येत नाही, म्हणून एक सोपा हिशेब देतो. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, २३.५ मिलिमीटर रुंद आहे. त्यामुळे ३०० मिलिमीटरवर चौकटीत मावणारी रुंदी ही अंतराच्या दर मीटरमागे सुमारे ८ सेंटिमीटर इतकी भरते. ५०० मिलिमीटरला ती पावणेपाच सेंटिमीटर होते, ६०० ला चार, आणि तुमच्या सध्याच्या ५५ मिलिमीटरला तब्बल ४३. आता हतनूरच्या काठापासून साठ मीटरवर पोहणारा चक्रवाक डोळ्यांसमोर आणा. हा पक्षी सुमारे ६५ सेंटिमीटर लांबीचा असतो. ५५ मिलिमीटरवर तुमच्या चौकटीत जवळपास सव्वीस मीटर रुंदीचे पाणी मावते आणि त्यात तो हरवून जातो. तोच ३०० वर चौकटीच्या सातव्या हिस्स्याएवढा दिसतो आणि ६०० वर चौथ्या हिस्स्याहून किंचित मोठा. म्हणजे ५५ वरून ३०० वर जाताना पक्षी साडेपाच पट मोठा होतो, तर ३०० वरून ६०० वर जाताना फक्त दुप्पट. पैसा, वजन आणि कटकट मात्र या दुसऱ्या उडीतच कैक पटींनी वाढते.

सातवा हिस्सा ऐकायला थोडा वाटतो, हे मान्य आहे. तुमच्या कॅमेऱ्याचे चित्र ६००० पिक्सेल रुंद असल्याने त्यातला चक्रवाक आठशेहून थोड्या अधिक पिक्सेलांचा येईल. शाळेच्या फलकावर लावायला किंवा मोबाइलवर पाठवायला कापून घेतलेले हे चित्र पुरते, पण भिंतीवर मोठे करून लावता येणार नाही. तीच लेन्स बांधावर किंवा विहिरीच्या काठावर बारा मीटरपर्यंत जवळ बसू देणाऱ्या खंड्यावर रोखली, तर तो चौकटीचा जवळजवळ तिसरा हिस्सा व्यापतो, आणि तेव्हा ३०० कमी पडले असे तुम्ही म्हणणार नाही. आपल्या भागात वेडा राघू, नीलपंख, कापशी, तारेवर बसणारे खाटीक अशा पक्ष्यांची कमतरता नाही आणि ते बऱ्यापैकी जवळ येऊ देतात. धरणाच्या मधोमध बसलेल्या थव्यांवरून लेन्स ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याला आणखी एक कारण आहे, आणि ते खानदेशातल्या माणसाने तरी विसरू नये. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा तापलेल्या जमिनीवरची हवा हलू लागते. डांबरी रस्त्यावर दुपारी दिसणारी ती थरथर तुम्ही पाहिली असेलच. लेन्स जितकी लांबची, तितकी तिच्या आणि पक्ष्याच्या मधली ही हलणारी हवा अधिक, आणि ती थरथर चित्रात तितकीच मोठी होऊन उमटते. पिसांच्या कडा वितळल्यासारख्या दिसतात, एका पाठोपाठ घेतलेल्या चार चित्रांत चोचीचा आकार चार प्रकारचा येतो, आणि माणूस लेन्सला किंवा स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. हे केवळ उन्हाळ्यातच घडते असे नाही. हिवाळ्यातही दहा वाजून गेले की काठावरच्या खडकांवरून आणि कोरड्या गाळावरून हवा उठू लागते. साठ-सत्तर मीटरवरचा पक्षी अशा हवेतून दीड-दोन लाखांच्या लेन्सनेही स्वच्छ येत नाही. त्यावर उपाय दोनच आहेत : सूर्य उगवल्यापासूनचे पहिले दीड-दोन तास आणि पक्ष्यापासूनचे कमी अंतर. गाडीच्या तापलेल्या बॉनेटवर हात टेकून फोटो घेण्याची अनेकांची सवय असते. तीही सोडा, कारण ही थरथर तिथे तुमच्या नाकासमोरूनच सुरू होते.

आता व्हीआरविषयी. दुकानदाराचे वाक्य अर्धे खरे असल्यामुळेच फसवे आहे. हातात धरलेल्या कॅमेऱ्याचा शटर स्पीड किमान किती असावा याचा जुना ठोकताळा असा, की फोकल लेंग्थला (लेन्सवरच्या मिलिमीटरच्या आकड्याला) सेन्सरच्या गुणकाने गुणावे आणि तितकावा हिस्सा सेकंद धरावा. निकॉनच्या या सेन्सरसाठी गुणक १.५ आहे, म्हणजे ३०० वर १/४५० आणि व्यवहारात १/५००. व्हीआर असेल तर निकॉनच्या मोजणीनुसार यात चार टप्प्यांची सवलत मिळते (एक टप्पा म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). ती निम्मी धरली तरी १/१२५ वर बसलेला पक्षी स्वच्छ मिळू लागतो. पहाटेच्या मंद उजेडात हाच फरक आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता, जी वाढवली की चित्र दाणेदार होते) ३२०० आणि ८०० मधला असतो. ट्रायपॉडने हे साधते यात वाद नाही, पण सारंगखेड्याच्या गर्दीत किंवा कबड्डीच्या मैदानाच्या कडेला ट्रायपॉड कुठे उभा करणार? शिवाय व्हीआरचा एक फायदा दुकानात कोणी सांगत नाही. ३०० वर डोळा लावल्यावर व्ह्यूफाइंडरमधले दृश्यच इतके हलते की फोकसचा बिंदू पक्ष्याच्या डोळ्यावर ठेवणे अवघड जाते. शटर अर्धे दाबताच व्हीआर ते दृश्य स्थिर करते आणि मग बिंदू जागेवर बसतो. पक्षी उडत असेल किंवा मुले धावत असतील तेव्हा मात्र व्हीआर कामाला येत नाही, कारण ते तुमच्या हाताची थरथर थांबवते, त्यांची धाव नव्हे. तिथे मुलांसाठी १/१००० आणि उडत्या पक्ष्यांसाठी १/१६०० किंवा त्याहून जलद शटर लागतो.

व्हीआर असलेली आणि नसलेली या दोन्ही लेन्सचे वजन जवळपास सारखे, ४१५ आणि ४०० ग्रॅम, आणि त्या दिसायलाही जुळ्या आहेत. फरक कळतो तो लेन्सवर कोरलेल्या नावावरून. या लेन्सवर व्हीआर चालू-बंद करण्याचे बटणच नाही, ते काम तुमच्या कॅमेऱ्याच्या मेनूतून होते. म्हणून ‘बटण नाही, त्याअर्थी व्हीआर नाही’ किंवा ‘सगळ्यांत असतेच की’ यांपैकी कशावरही विश्वास न ठेवता नाव वाचा. आणखी एक सापळा बाजारात आहे तो वेगळ्याच ७०-३००चा. निकॉनची जुनी एएफ ७०-३०० एफ ४-५.६ जी ही लेन्स फार स्वस्तात मिळते. तिच्यात फोकसची मोटर नाही आणि तुमच्या डी५६०० मध्येही ती नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी फोकस हातानेच फिरवावा लागेल. वापरलेल्या लेन्सच्या जाहिराती पाहताना ‘एएफ’, ‘एएफ-एस’ आणि ‘एएफ-पी’ या अक्षरांकडे नीट पाहा. तुमच्या कॅमेऱ्यावर शेवटच्या दोन चालतात, पहिली निरुपयोगी. एएफ-पी लेन्स निकॉनच्या काही जुन्या कॅमेऱ्यांवर चालत नाही. तुमच्या डी५६०० वर ती अडचण नाही, पण एखादा सहकारी त्याच्या जुन्या कॅमेऱ्यासाठी ती मागायला आला तर त्याला आधी खात्री करायला सांगा.

सारंगखेड्याविषयी थोडे. दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी भरणारा तो घोडेबाजार ७०-३०० साठी आदर्श आहे, पण तिथे ३०० चा उपयोग तुम्हाला वाटतो त्याहून कमी होईल. दहा मीटरवर उभा असलेला घोडा त्याच्या मालकासह पूर्ण हवा असेल तर ७० मिलिमीटरवरच चौकट भरून जाते, आणि गर्दीत दहा मीटर मोकळे सापडणेही कठीण. त्यामुळे १८-५५ घरी ठेवून जाऊ नका. लांबचे टोक उपयोगी पडते ते रेवाल चालीने येणारा घोडा दुरूनच पकडताना, आयाळ आणि लगामाचे बारकावे घेताना, आणि सौदा चालू असताना गिऱ्हाईक व मालक यांचे चेहरे त्यांच्या नकळत टिपताना. (नकळत टिपलेला फोटो त्यांना नंतर दाखवावा, बहुतेक जण खूश होतात आणि दुसऱ्या दिवशी घोडा मुद्दाम उभा करून देतात.) या यात्रेत १५०-६०० गळ्यात घेऊन फिरणारा माणूस घोड्याचे कान तेवढे घेऊन परत येईल.

भाच्याची बाजूही न्यायाने मांडतो. सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी सुमारे १९३० ग्रॅमची आहे, टॅमरॉनची १५०-६०० जी२ दोन किलोची आणि निकॉनची २००-५०० एफ ५.६ तर २३०० ग्रॅमची. तुमचा कॅमेरा बॅटरीसकट अर्ध्या किलोच्याही आत भरतो. म्हणजे लेन्सला कॅमेरा लावला असे म्हणावे लागेल, आणि जोडी उचलताना कॅमेऱ्याला नव्हे तर लेन्सच्या कॉलरला (ट्रायपॉडवर बसवायच्या कड्याला) धरून उचलावी लागेल. या लेन्स नव्या घ्यायच्या तर तुमच्या अंदाजपत्रकात बसत नाहीत. वापरलेली सापडू शकते, पण डी५६०० मध्ये फोकसची बारीक दुरुस्ती करण्याची सोय नाही. लेन्स थोडी पुढे किंवा मागे फोकस करत असेल तर ते तुम्हाला कॅमेऱ्यातून सुधारता येणार नाही. सिग्मा आणि टॅमरॉनच्या या लेन्स त्यांच्या स्वतंत्र डॉकवर बसवून संगणकाद्वारे जुळवता येतात, म्हणून वापरलेली घ्यायचीच ठरली तर हा खर्च धरून ठेवा. वर्षभर ७०-३०० वापरल्यावर तुमच्या चित्रांपैकी निम्म्याहून अधिक ३०० वरच घेतलेली आणि मग कापलेली निघाली, तर मोठ्या लेन्सचा विचार अवश्य करा. संगणकात प्रत्येक चित्राच्या माहितीत फोकल लेंग्थ नोंदलेली असते. ती पाहून निर्णय घ्या, भाच्याच्या उत्साहावरून नको. तोपर्यंत भाड्याने मिळत असेल तर पुण्या-मुंबईहून येणाऱ्या एखाद्या स्नेह्याकरवी डिसेंबरातल्या दोन दिवसांसाठी मोठी लेन्स मागवून हतनूरला वापरून पाहा. दोन किलो दोन तास हाताने पेलल्यावर बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

डबलरचा विचार सोडून द्या. १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर (डबलरच्याच जातीचे जोडभिंग) एक टप्पा प्रकाश खातो आणि दुप्पट करणारा दोन टप्पे. ३०० वर ही लेन्स मुळात एफ ६.३ इतकीच उघडते. दुप्पट केल्यावर ती एफ १३ च्या आसपास जाते, आणि तेवढ्या प्रकाशात तुमच्या कॅमेऱ्याचा फोकस काम करत नाही. निकॉनचे स्वतःचे कन्व्हर्टर तर या लेन्सवर बसतच नाहीत. लेन्सच्या पुढच्या बाजूला पेचाने बसवायचे जे स्वस्त भिंग ‘२.२ एक्स’ म्हणून विकले जाते, त्याने चित्र मोठे होते आणि त्याच मानाने धूसरही. त्यापेक्षा ३०० चे चित्र कापणे केव्हाही बरे.

स्नेहसंमेलनासाठी ही लेन्स घेऊ नका, म्हणजे त्या रात्री ती पिशवीतच राहू द्या. ३०० वर एफ ६.३ ला मिळणारा प्रकाश एफ १.८ च्या तुलनेत बाराव्या हिस्स्याइतका असतो आणि शाळेच्या मंचावरचे दिवे काही क्रिकेटच्या मैदानावरचे नसतात. उरलेल्या पैशांतून निकॉनची एएफ-एस ५० मिलिमीटर एफ १.८ जी घ्या. मंचापासून दहा मीटरवर बसलात तर तिच्या चौकटीत पावणेपाच मीटर रुंदी मावते, म्हणजे लेझीमचा अर्धा मेळा. इथेही ‘एएफ-एस’ ही अक्षरे पाहायची. मोटर नसलेली जुनी ५० स्वस्त मिळते आणि तीच गळ्यात पडते.

पैशांचा दुसरा भाग मोनोपॉडवर, म्हणजे एकपायी आधारावर, खर्च करा. लेन्स टेकवण्यासाठी बीनबॅग विकत घेण्याची गरज नाही : जुन्या जीन्सच्या पायाचा हातभर तुकडा दोन्ही बाजूंनी घट्ट शिवून त्यात किलोभर दादर ज्वारी किंवा चवळी भरा. धरणाच्या काठी दगडावर किंवा गाडीच्या उतरवलेल्या काचेवर ती ठेवून लेन्स तिच्यात रोवली की ३०० वर १/६० लाही हात हलत नाही. लेन्सचे हूड वेगळे घ्यावे लागेल, ते घ्या. उन्हाचा तिरपा झोत अडवते आणि लेन्स कशाला आपटली तर पुढच्या काचेआधी मार स्वतः खाते. ५८ मिलिमीटरचा स्वस्त यूव्ही फिल्टर दुकानदार फुकट देऊ करील; नम्रपणे परत करा, लांबच्या लेन्सवर स्वस्त काच चित्राची धार घालवते.

सातपुड्यात जाणे होत असेल तर एक गोष्ट सांगावीशी वाटते. १८८४ नंतर शंभराहून अधिक वर्षे ज्याची खात्रीशीर नोंद नव्हती तो रानपिंगळा (एक छोटे घुबड) १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळच्या डोंगरातच पुन्हा सापडला. तो दिवसाही वावरतो, जेमतेम २३ सेंटिमीटरचा असतो, आणि उभ्या धरलेल्या कॅमेऱ्यात ३०० वर पंधरा मीटरवरून चौकटीचा पाचवा हिस्सा उंची भरतो. यावल अभयारण्यात पालच्या बाजूला किंवा तोरणमाळला तो दिसला, तर आहे त्याच अंतरावरून दोन-चार फोटो घेऊन निघून या. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावण्याचा मोह करू नका, आणि घरट्याची जागा कोणाला कळवू नका. पाटणादेवीच्या जंगलात पावसाळ्यानंतर फुलपाखरे भरपूर असतात, तिथे हीच लेन्स वेगळ्या कामी येते. ती १.१ मीटरवर फोकस करते, त्यामुळे ३०० वर ठेवून फुलपाखरू घाबरणार नाही इतक्या अंतरावरून ते बऱ्यापैकी मोठे घेता येते.

लेन्स घेताना स्वतःचा कॅमेरा आणि स्वतःचे मेमरी कार्ड घेऊन जा. दुकानाच्या दारातून समोरच्या दुकानाची पाटी ३०० वर, सर्वांत मोठ्या अ‍ॅपर्चरला (प्रकाश आत येण्याच्या छिद्राला), व्हीआर चालू ठेवून आणि बंद करून चार-चार वेळा टिपा, आणि चित्रे घरी संगणकावर मोठी करून पाहा. पाटीची डावी बाजू ठळक आणि उजवी पुसट येत असेल तर भिंग तिरपे बसलेले आहे, ती लेन्स नको. वापरलेली घेत असाल तर मागचे-पुढचे झाकण काढून अ‍ॅपर्चर उघडे धरा आणि एका बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरपा मारून दुसरीकडून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी समजा आणि किंमत कितीही उतरवली तरी परत फिरा. आत धुळीचे चार कण दिसले तर घाबरू नका, चित्रात ते उमटत नाहीत. झूम लांब केली की ती बाहेरची हवा आत ओढते, त्यामुळे कापसाच्या जिनिंगजवळ किंवा यात्रेच्या धुरळ्यात विनाकारण मागे-पुढे करू नये, आणि लेन्स बदलणे तर तिथे टाळावेच.

बुरशीसाठी महागड्या कपाटाची आवश्यकता नाही. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि त्यात निळ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या एवढ्याने खानदेशातला पावसाळा निभतो. जेल गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत तापवून घ्यावे, मात्र स्वयंपाकाची कढई त्यासाठी वापरू नये. कॅमेऱ्याबरोबर मिळालेल्या चामडी किंवा कापडी पिशवीत लेन्स महिनोन्‌महिने ठेवू नका, ओल तिथेच धरते. केळीच्या बागेत सकाळी पाणी सोडलेले असताना फोटो काढून आलात, तर लेन्स लगेच डब्यात न टाकता तासभर पंख्याखाली उघड्यावर ठेवा आणि मगच झाकण लावा.